चवळीच्या मुळांवरच्या गाठी आणि ऊन: बाल्कनीतल्या रोपाला गाठी का धरल्या नाहीत?

गच्ची_कोथरूड

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय पण सगळं सांगितल्याशिवाय विचारता येणार नाही. मुलगी आठवीत आहे, शाळेत रायझोबियम (मुळांत गाठी करून हवेतला नायट्रोजन म्हणजे नत्र पकडणारे जिवाणू) शिकवलं तेव्हापासून तिला मुळांवरच्या गाठी प्रत्यक्ष बघायच्या होत्या, म्हणून जूनच्या शेवटी चांगला पाऊस झाल्यावर आम्ही गावरान चवळी लावली. माती मुळशीकडच्या शेतातली, दिरांनी पोत्यात भरून आणून दिलेली, त्या तुकड्यात दरवर्षी चवळी नाहीतर वाल असतोच. बी एकच, माती एकच, जागा तीन. एक कुंडी गच्चीवर उघड्यावर. दुसरी दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत, समोरच बिल्डिंग आहे त्यामुळे तिथे ऊन जेमतेम तासभर येतं. आणि तिसरं रोप दोन लिटरच्या पारदर्शक बाटलीत, वरचा भाग कापून, तेही गच्चीवरच, कारण तिला बाहेरून मुळं दिसायला हवी होती.

परवा ३८ दिवस झाले म्हणून तिन्ही काढली. गच्चीवरच्या मुळांवर २७ गाठी मोजल्या, बऱ्याचशा मुगाएवढ्या, ब्लेडने कापल्यावर आतून डाळिंबाच्या दाण्यासारख्या लालसर. बाल्कनीतल्याला फक्त ४, मोहरीएवढ्या, आतून पांढऱ्या. बाटलीतलं रोप वरून गच्चीवरच्याइतकंच टवटवीत, पण गाठी ९, आणि त्याही जवळजवळ सगळ्या आत, मातीच्या पोटात. बाटलीला चिकटून जी मुळं खाली उतरली होती त्यांच्यावर एकही नाही, तिथे नुसतं हिरवं शेवाळ.

आता प्रश्न असा की गाठी तर मातीत होतात, अंधारात होतात, मग उन्हाचा त्यांच्याशी संबंध काय? एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं की ऊन कमी म्हणजे साखर कमी, साखर कमी म्हणजे गाठी कमी, विषय संपला. पण मग बाटलीतल्याला वरून ऊन भरपूर होतं, तिथे कमी का? आणि मुलीचा प्रश्न मला फार आवडला, ती म्हणते साखरच कमी पडत असेल तर आपण बाल्कनीतल्या कुंडीला गुळाचं पाणी घालू, मग येतील का गाठी? मला उत्तर देता आलं नाही. कोणी नीट समजावून सांगाल का, तिला वाचून दाखवणार आहे.

मीनेकाठचा_शेतकरी

ताई तुमच्या लेकीचं कौतुक वाटलं, आमच्याकडे सोयाबीन करणारे निम्मे लोक मूळ उपटून बघत नाहीत.

आधी एक विचारतो, झाडं काढली कशी? हाताने उपटली असतील तर बारीक गाठी मातीतच राहतात, गाठ मुळाला फक्त बाजूने धरलेली असते, जरा ओढ बसली की तुटते. खुरप्याने भोवतीची माती मोकळी करायची, ढेकळासकट उचलायचं, बादलीत पाण्यात अर्धा तास ठेवायचं आणि मग हलवत हलवत माती सोडवायची. बादलीच्या तळाशी पण बघायचं, तिथे पडलेल्या असतात. दुसरं म्हणजे ती गाठ आहे की सूत्रकृमीची, म्हणजे मुळात शिरणाऱ्या बारीक कृमीची फुगवटी आहे हे बघा, गाठ नखाने टिचकी मारली की सुटून येते आणि मूळ जसंच्या तसं राहतं, सूत्रकृमीची असेल तर मूळच सुजलेलं असतं, सुटत नाही, आणि आतून गुलाबी तर कधीच नसते. तुम्हाला लालसर दिसल्या म्हणजे गच्चीवरच्या तरी खऱ्या आहेत आणि कामाच्या आहेत.

सावलीचं म्हणाल तर ते मी माझ्या रानात दरवर्षी बघतो. पश्चिमेच्या बांधावर एक जुनं जांभूळ आहे, मी सोयाबीन करतो एमएसीएस ११८८, आपल्या पुण्याच्या आघारकर संस्थेचं वाण, पेरणी एका दिवशी, बियाणं एक, खत एक, पण जांभळाखालच्या दोन-तीन ओळींतलं झाड वर शेलाटं वाढतं, कांडं लांब, पानं पातळ, आणि फुलोऱ्याच्या सुमारास उकरलं तर गाठी पाच-सहा. उघड्या रानातल्या झाडाला त्याच दिवशी तीस-चाळीस. आम्ही पण हेच समजत होतो की झाड उपाशी आहे म्हणून. पण एका गोष्टीचं कोडं मला सुटलेलं नाही, श्रावणात आठ आठ दिवस सूर्य दिसत नाही तेव्हा ऊन सगळ्याच रानाला कमी असतं, तरी उघड्यावरच्या झाडाला गाठी धरतातच, जांभळाखाली मात्र ढग नसले तरी धरत नाहीत. सावली सावलीत काहीतरी फरक आहे. जाणकारांनी सांगावं.

आणि ताई, पुढच्या वेळी बियाण्याला जिवाणू संवर्धन, म्हणजे पाकिटात मिळणारं रायझोबियम, लावणार असाल तर पाकीट कुठे ठेवलं होतं ते बघून घ्या. एका वर्षी मी तालुक्याच्या दुकानातून आणलं ते काउंटरवर काचेमागे सरळ उन्हात महिनाभर पडलेलं होतं, तारीख शिल्लक होती म्हणून घेतलं, गुळाच्या पाण्यात कालवून सगळं रीतसर केलं आणि गाठी नावाला सुद्धा नाहीत, त्या सालचं सगळं पीक युरियावर ओढावं लागलं. बियाणं सावलीत सुकवा असं पाकिटावर लिहितात ते उगाच नाही, हे जिवाणू उन्हात मरतात.

मूळ_आणि_पान

वनस्पतीशरीरशास्त्र हा माझा अभ्यासाचा विषय आहे, आणि हा प्रश्न माझ्या अगदी जवळचा आहे म्हणून सविस्तर लिहितो, ताई लेकीला तुकड्या तुकड्याने वाचून दाखवा.

तुमच्या ओळखीच्या बाई म्हणाल्या ते चूक नाही, पण ते अर्धंच आहे. साखरेचा भाग आधी घेऊ. हवेतला नत्र म्हणजे दोन अणू इतके घट्ट बांधलेले की ते सोडवायला प्रचंड ऊर्जा लागते, नत्राच्या एका रेणूमागे जिवाणूला किमान १६ एटीपी, म्हणजे पेशीतली ऊर्जेची नाणी, खर्च करावे लागतात. ही ऊर्जा जिवाणू स्वतः कमवत नाही, पानाने उन्हात तयार केलेली साखर झाडाच्या आतल्या नळ्यांतून खाली गाठीत येते, तिथे तिचं मॅलेट नावाच्या साध्या आम्लात रूपांतर होतं आणि ते जिवाणूला मिळतं. १ ग्रॅम नत्र मिळवायला झाडाला ६ ते १२ ग्रॅम कार्बन मोजावा लागतो असे अंदाज आहेत. म्हणजे गाठ हा महागडा कारखाना आहे आणि ज्या झाडाची कमाईच कमी ते तो चालवू शकत नाही. तुमच्या बाल्कनीतल्या गाठी पांढऱ्या होत्या याचा अर्थ तिथे लेगहिमोग्लोबिन पुरेसं तयारच झालं नव्हतं. तो लाल रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच नात्यातला आहे, नत्र पकडणारं एन्झाइम ऑक्सिजन लागला की बिघडतं म्हणून हे द्रव्य ऑक्सिजन धरून ठेवतं आणि मोजूनमापून देतं. लाल नाही म्हणजे काम सुरू नाही.

मग गुळाचं पाणी का चालणार नाही? कारण गाठ मातीतून साखर खात नाही, तिला ती आतून, पानाकडूनच येते. कुंडीत गूळ घातला तर तो मातीतले बाकीचे हजार प्रकारचे जिवाणू आणि बुरशी खाणार, त्यांची संख्या फुगणार, ते मातीतला नत्र आणि ऑक्सिजन दोन्ही ओढून घेणार, आणि मुळांचा जीव आणखी घुसमटणार. लेकीचा तर्क मात्र पक्का आहे, तिला हे आवर्जून सांगा, कारण साखर हेच एकमेव कारण आहे का हे तपासायचं असेल तर संशोधकही नेमका असाच विचार करतात.

आता दुसरा अर्धा भाग, आणि माझ्या मते खरी गंमत इथेच आहे. ऊन हे झाडासाठी नुसतं अन्न नाही, ती खबर पण आहे. टी. ए. ली नावाच्या नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९६९ मध्येच दाखवलं होतं की शेंगवर्गीय रोपांवर अतिलाल (लालच्याही पलीकडचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा) प्रकाश पडला की गाठी कमी होतात आणि लाल प्रकाशाने तो परिणाम फिरवता येतो. एवढ्याशा प्रकाशाने साखरेत काही फरक पडत नाही, म्हणजे हा भुकेचा मामला नाही, झाडाने काहीतरी ओळखलं आणि मुळांना कळवलं.

मीनेकाठचे दादा, तुमच्या जांभळाचं उत्तर यातच आहे. पान लाल आणि निळा प्रकाश शोषून घेतं आणि अतिलाल जवळजवळ तसाच खाली सोडतं. त्यामुळे झाडाच्या सावलीत उजेड नुसता कमी नसतो, त्याची जात बदललेली असते, लाल कमी आणि अतिलाल जास्त. पानात फायटोक्रोम नावाचं द्रव्य असतं ते हे प्रमाण ओळखतं आणि त्यावरून रोपाला कळतं की डोक्यावर दुसरं झाड आहे, मग ते सगळी ताकद वर उंच जाण्यात घालतं, तुम्ही म्हणालात तसं कांडं लांब आणि पान पातळ. जपानमध्ये लोटस जॅपोनिकस नावाच्या छोट्या शेंगवर्गीय रोपावर २०११ मध्ये हेच तपासलं, लाल-अतिलालचं प्रमाण घटवलं तर गाठी घटल्या, आणि ज्या रोपात फायटोक्रोम बी हा फायटोक्रोमचा एक प्रकार बिघडलेला होता त्याला एरवीही गाठी कमीच आल्या. मग त्यांनी कलमं बांधली, एकाचा शेंडा दुसऱ्याच्या मुळावर, आणि गाठी किती येणार ते शेंड्यावरून ठरलं, मुळावरून नाही. जस्मोनिक आम्ल नावाचं संप्रेरक यात निरोप्याचं काम करतं. ढगाचं मात्र तसं नाही, ढग उजेड कमी करतो पण लाल-अतिलालचं प्रमाण फारसं बदलत नाही, म्हणून श्रावणात तुमच्या उघड्या रानातल्या झाडाला आपण कोणाच्या सावलीत आहोत असं वाटतच नाही.

ताई, हाच न्याय तुमच्या बाल्कनीला. समोरची बिल्डिंग म्हणजे भिंतीची सावली, पानांची नाही. तिथे प्रकाशाची जात तेवढी बदलत नाही, प्रमाण मात्र खूपच घटतं. म्हणून बाल्कनीत मुख्य मार कमाईचाच असणार.

पण खबरीचा आणखी एक प्रकार आहे. २०२१ मध्ये चीनमधल्या एका गटाचं सोयाबीनवरचं काम सायन्स या नियतकालिकात आलं. त्यांनी दाखवलं की पानावर निळा प्रकाश पडला की पानात दोन प्रकारची प्रथिनं वाढतात, एसटीएफ आणि एफटी, आणि ही प्रथिनं स्वतः प्रवास करत मुळापर्यंत उतरतात. मुळाशी रायझोबियम येऊन बसलं असेल तर त्याच्यामुळे जागं झालेलं एक एन्झाइम एसटीएफला तयार करतं, मग एसटीएफ आणि एफटी जोडी जमवतात आणि गाठ बांधणारी जनुकं चालू करतात. म्हणजे दोन सह्या लागतात, एक खालून जिवाणूची, एक वरून उन्हाची. एफटी हे तेच कुटुंब आहे जे झाडाला फुलोऱ्यावर यायला सांगतं, हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. दादा तुम्ही फुलोऱ्याच्या सुमारास उकरून बघता ना.

गच्ची_कोथरूड

दादा आणि मूळ_आणि_पान, दोघांचे मनापासून आभार. सगळं वाचून दाखवलं, दोन सह्यांचं तिला लगेच कळलं, वहीत लिहून घेतलंय. पण बाटलीचं राहिलं. पान उन्हात होतं, खबर गेली असणार, साखर गेली असणार, मग गाठी आतल्याच बाजूला का?

आणि एक कबूल करायचंय, काल घरी विचारल्यावर कळलं की बाल्कनीतल्या कुंडीत सासूबाई रोज चहाचा चोथा टाकत होत्या, आणि खालच्या ताटलीत पावसाचं वळचणीचं पाणी कायम साचलेलं असायचं. गच्चीवर ताटलीच नाही. याने फरक पडतो का? झाडं हातानेच उपटली होती, दादांचं ते बादलीचं माहीत नव्हतं.

मूळ_आणि_पान

पडतो, आणि तुम्ही शोधून काढलंत हे फार चांगलं झालं. साचलेल्या पाण्यात मुळांना हवा मिळत नाही, गाठीला ऑक्सिजन मोजून लागतो पण लागतोच. चोथ्यापेक्षा मला पाण्याचाच संशय जास्त. म्हणजे तुमच्या ४ गाठींचा सगळा दोष उन्हाच्या कमतरतेवर टाकता येणार नाही, थोडा ताटलीवर आणि थोडा उपटण्यावर. उद्या कोणी नत्राचं खत घातलं असतं तर अजून घोळ झाला असता, कारण मातीत नायट्रेट, म्हणजे झाडाला आयता मिळणारा नत्र, भरपूर असेल तर झाड हा महागडा कारखाना उघडतच नाही.

आता बाटली. हा भाग मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण तुमच्या लेकीने नकळत एक सुंदर प्रयोग केलाय. पानावर पडलेला निळा प्रकाश गाठींना मदत करतो असं वर सांगितलं, पण तोच निळा प्रकाश थेट मुळावर पडला तर उलट होतं. २०१६ मध्ये लोटसवरच हे दाखवलं गेलं, मुळांवर निळा प्रकाश टाकला की गाठी घटतात, आणि नुसतं मूळच नाही तर रायझोबियमही तो प्रकाश ओळखतं, त्याच्याकडे स्वतःचं प्रकाश टिपणारं प्रथिन आहे. सोयाबीन वेगळं, लोटस वेगळं, चवळी आणखी वेगळी, एकाचं दुसऱ्याला जसंच्या तसं लावू नये हे मान्य. पण विचार करा, मुळाला उजेड दिसतोय याचा अर्थ ते जमिनीच्या बाहेर पडलंय, जिथे ते सुकणार, तिथे गाठीवर खर्च करण्यात अर्थ काय. मातीत उजेड काही मिलिमीटरच शिरतो, म्हणून बाटलीच्या पोटातल्या मुळांना अंधार होता आणि तिथे ९ गाठी आल्या, काठावरच्या मुळांना दिवसभर उजेड, तिथे शून्य. शिवाय पारदर्शक प्लास्टिक उन्हात तापतं आणि काठावरचं शेवाळ सुद्धा खतं खातं, हीही कारणं असू शकतात, ती वेगळी काढायला हवीत.

करायचं असेल तर असं करा. एकाच जागी, गच्चीवर, सहा बाटल्या. तिघींना बाहेरून काळा कागद आणि त्यावर चमकणारी फॉइल, म्हणजे उजेड जाणार नाही आणि तापणारही नाहीत, तिघी उघड्या. एकेका रोपावरून काही ठरवायचं नाही, तीन तीन तरी हवीत. सगळ्यांच्या तळाला भोकं. माती मुळशीचीच, आणि पीकही चवळीच ठेवा, हरभरा घ्यायचा मोह होईल कारण रब्बी येतेय, पण हरभऱ्याचं रायझोबियम वेगळं, चवळीच्या मातीत ते असेलच असं नाही, मग गाठी आल्या नाहीत तर तुम्ही उजेडाला दोष द्याल.

बाणेर_बारावा_मजला

मध्येच घुसतोय माफ करा, मी फ्लॅटमध्ये गुलाबी एलईडीखाली मेथी लावतो, काचेच्या बरणीत पाण्यावर, खत म्हणून नायट्रेटवालं द्रावण. मेथी पण शेंगवर्गीय ना? मला आजवर एकदाही गाठ दिसली नाही. दिव्यात निळा आहे, लाल आहे, मग काय कमी आहे?

मूळ_आणि_पान

मेथी शेंगवर्गीयच, लसूणघासाच्या जवळची, गाठी छान येतात. तुमच्याकडे तीन गोष्टी आड येतायत. पाण्यात तिचा जिवाणू कुठून येणार, तो मातीतून किंवा संवर्धनातून यावा लागतो. दुसरं, द्रावणात नायट्रेट आहे. तिसरं, काचेची बरणी, मुळं उजेडात. दिव्याला बोल लावू नका.

मीनेकाठचा_शेतकरी

साहेब, जांभळाचं कोडं सुटलं, चाळीस वर्षं बघत होतो. आता एक शंका, आम्ही उसात हरभरा आंतरपीक घेतो, ऊस लहान असतो तोवर हरभऱ्याला गाठी दणदणीत, आणि तुरीत सोयाबीन घेतो तेव्हा तूर वर यायच्या आत सोयाबीन निघून जातं म्हणून काही वाटत नाही. पण यंदा शेजाऱ्याने दाट पेरलं, एकरी बियाणं वाढवलं, महिन्या-सव्वा महिन्यात ओळी मिटल्या, मातीवर ऊन दिसेना, आणि गाठी माझ्यापेक्षा कमी. झाडंच एकमेकांना सावली करतायत म्हणून का?

मूळ_आणि_पान

दादा, तेच. शेजारच्या झाडाच्या पानावरून उडून येणारा अतिलाल प्रकाश रोपाला ओळी मिटायच्या आधीच कळतो, प्रत्यक्ष सावली पडायची ते वाट बघत नाही. दाट पेरणीत प्रत्येक रोप शेजाऱ्याला चुकवून वर पळायला बघतं, आणि मुळाकडे जाणारा वाटा कमी होतो. अंतर ठेवून पेरणारे जुने लोक हे रोज बघत होते.

गच्ची_कोथरूड

सांगितल्याप्रमाणे सहा बाटल्या केल्या, सप्टेंबरच्या शेवटी लावल्या, आज ३५ दिवस झाले. यावेळी खुरप्याऐवजी बाटलीच कात्रीने उभी कापली आणि अख्खा गड्डा बादलीत सोडला, पाऊण तास थांबलो, तळाशी पडलेल्या पण चहाच्या गाळणीने गाळून मोजल्या. काळ्या कागदाच्या तीन बाटल्यांत २३, १९ आणि २६. उघड्या तीन बाटल्यांत ८, १२ आणि ७. कागदवाल्यांत काठाच्या मुळांवर सुद्धा होत्या, प्लास्टिकला टेकून चपट्या झालेल्या, मुलीने त्या वेगळ्या मोजल्या, तिन्ही मिळून १७. उघड्यांत काठाला मिळून दोनच, त्या पण बाटलीच्या लेबलामागे. लेबल काढायचं आम्ही विसरलो होतो, त्या तेवढ्या पट्टीत मुळांवर अंधार होता.

लेबलाखालच्या त्या दोन गाठी तिने ब्लेडने कापून बघितल्या, दोन्ही लाल.